फाटकाचा प्रायव्हेट नंबर

चैतन्य एन्क्लेव्हमध्ये तोवर एकही चोरी झाली नव्हती, आणि तीच तिथल्या रहिवाशांची मोठी काळजी होती. शेजारच्या वसाहतीत दोन झाल्या होत्या, तिच्या पलीकडच्या वसाहतीत तीन. आता आपली पाळी, असं सगळ्यांच्या मनात होतं. साल अठ्ठ्याण्णव. हैदराबादच्या पश्चिमेला सुरुंगाने खडक फोडून अडतीस बंगले उभे राहिले होते. घराघरांत मोठे टीव्ही आले होते, दारात नव्या गाड्या आल्या होत्या, आणि या सगळ्यावर कोणाचा तरी डोळा असणार हेही ओघाने आलं होतं.

मार्चमध्ये असोसिएशनची बैठक झाली. चोर अंगाला तेल चोपडून येतात, असं एकाने सांगितलं. ते फक्त चड्डीवर असतात, अशी दुसऱ्याने भर घातली. तसा माणूस दुपारी फाटकातून आला तर तो वॉचमनला ओळखू यायला हवा, यावर एकमत झालं. पण पँट घालून आला तर काय, यावर होईना. कुंपणावर काचा लावाव्यात, कुत्रा पाळावा, भोंगा बसवावा, अशा सूचना आल्या. प्रत्येकीला खर्च होता.

शेवटी मागच्या रांगेतून वाघमारे मास्तर उठले.

निवृत्ती वाघमारे रेल्वेत स्टेशन मास्तर होते. चौतीस वर्षांची नोकरी मराठवाड्यातल्या लहान लहान स्टेशनांवर सुरू झाली आणि सिकंदराबादच्या क्वार्टरमध्ये संपली. मुलगा अमरदीप सॉफ्टवेअरमध्ये लागला, त्याने कर्ज काढून इथे घर घेतलं आणि आईवडिलांना आणलं. वर्षभरात मास्तरांना या वसाहतीत कोणी काही विचारलं नव्हतं.

"स्टेशन मास्तर आणि फाटकवाला फोनवर बोलतात तेव्हा," मास्तर म्हणाले, "फाटक बंद आहे का, याला नुसतं 'हो' चालत नाही. हो कोणीही म्हणतं. दोघांकडे आकड्यांचे छापील तक्ते असतात. फाटकवाला तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो, मास्तर तो वहीत लिहितो, मग सिग्नल पडतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात."

इथे तेच करता येईल. प्रत्येक घराला दोन आकडी नंबरांचा एक तक्ता. पाहुणा आला की वॉचमन इंटरकॉमवर घरी फोन करील, घरचे तक्त्यातला पुढचा नंबर सांगून त्यावर काट मारतील, वॉचमन तो रजिस्टरात लिहील आणि मगच फाटक उघडेल.

अध्यक्ष प्रमोद राव यांनी विचारलं, "मास्टरसाब, खर्चा कितना आता?"

"अडतीस कागद."

ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.

त्या दिवसापासून त्यांना सगळे मास्टरसाब म्हणू लागले. मास्तरांनी तक्ते स्वतः टाईप केले, घरोघर नेऊन दिले, गुप्त ठेवायला सांगितलं. बहुतेकांनी ते फ्रिजवर चिकटवले. मास्तरांकडे सगळ्यांची एकेक प्रत होती. रोज संध्याकाळी ते रजिस्टर आणून वापरलेल्या नंबरांवर आपल्या प्रतीत काट मारत. महिन्याभरात अडतीस घरांचे पुढचे नंबर त्यांना तोंडपाठ झाले. मुद्दाम पाठ केले नव्हते, झाले.

वॉचमन अप्पाराव फाटकाजवळच्या एका खोलीत बायकोसह राहायचा. त्याच्यासाठी मास्तरांनी नियम लिहून भिंतीवर लावले होते. नियम चौथा असा, की बदली माणसाला चार्ज देऊन रजिस्टरात सही केल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. पण बदली माणूस असोसिएशनने दिलाच नव्हता. म्हणून अप्पारावच्या जेवणाच्या वेळी मास्तर स्वतः फाटकावर बसत. त्याची सही मात्र होत नसे, कारण सही वॉचमनने करायची असते आणि मास्तर वॉचमन नव्हते.

"त्यांनी मास्टरसाब म्हणलं," त्यांच्या पत्नी विठाबाई म्हणाल्या, "तर तुम्हाला वाटलं स्टेशनच मिळालं."

"फाटक तर मिळालं," मास्तर म्हणाले.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी दीड वाजता अप्पाराव जेवायला गेला आणि एक तीनचाकी टेम्पो येऊन उभा राहिला. आत दोन माणसं, दोघेही पँट-शर्टात. घर नंबर सतरा, जाधवसाहेबांचा सोफा कापड बदलायला न्यायचाय. चिठ्ठीवरही तसंच लिहिलेलं.

कुलदीप जाधवांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान होतं. वसाहतीत मराठी घरं दोनच, म्हणून ते मास्तरांना काका म्हणत. मास्तरांनी सतरा नंबरला फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. टेम्पोच्या मागे वसाहतीतल्या डॉक्टरीणबाईंची गाडी येऊन थांबली होती आणि त्या हॉर्नवरचा हात काढत नव्हत्या.

"मास्टरसाब," त्यांनी काच खाली करून म्हटलं, "आइस्क्रीम है गाडी में."

रविवार होता, क्रिकेटची मॅच होती, आवाज मोठा ठेवला असेल. सोफा म्हणजे काही दागिना नव्हे, आणि कापडवाल्याच्या घरी सोफ्याचं कापड बदलतच असणार. लहान स्टेशनावर असताना कधी फाटकवाल्याचा फोन लागत नसे आणि गाडी सिग्नलबाहेर उभी असे. तेव्हा मास्तर नंबर आधी लिहीत आणि नंतर फोन लावून पक्का करत. सतरा नंबरचा पुढचा आकडा सेहेचाळीस. त्यांनी रकान्यात ४६ लिहिलं. जाधवांना संध्याकाळी विचारून घेऊ, असं ठरवलं आणि फाटक उघडलं.

अर्ध्या तासाने टेम्पो परत आला. सोफा उलटा, पाय वर, खाली ताडपत्रीने बरंच काही झाकलेलं. समोरून एक स्कूटर येत होती. मास्तरांनी हात करून ती थांबवली आणि टेम्पोला वाट करून दिली.

जाधव कुटुंब सकाळपासून गौलीगुड्याला सासुरवाडीत जेवायला गेलं होतं. संध्याकाळी परतले तेव्हा टीव्ही, व्हीसीआर, मिक्सर आणि माधवी जाधवांच्या बांगड्या गेल्या होत्या. मागच्या दाराचं कुलूप तोडलं होतं. सोफाही गेला होता, तो पोलिसांनी यादीत शेवटी लिहिला.

सोमवारी सब-इन्स्पेक्टर आले. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मग जाधवांचा फ्रिज पाहिला. तक्त्यावर काट न मारलेला पहिला नंबर सेहेचाळीसच होता.

"म्हणजे चोराला आतला नंबर माहीत होता," ते म्हणाले. "या घरात अलीकडे कोण आलं?"

गेल्याच आठवड्यात अप्पारावने गॅसचं सिलिंडर आत नेऊन दिलं होतं. इन्स्पेक्टरांना हे पुरेसं वाटलं. पद्धत मात्र चांगली आहे, असं ते मास्तरांना जाताना म्हणाले. अप्पारावला त्यांनी जीपमध्ये घेतलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरात सगळं सांगितलं. अमरदीपला अमेरिकेत जुन्या संगणकांमधल्या तारखा दुरुस्त करण्याचं काम मिळालं होतं. पासपोर्ट व्हायचा होता.

"बाबा, पासपोर्टची चौकशी याच ठाण्यातून होते," तो म्हणाला. "त्यांना काही मिळालं नाही की ते त्याला सोडतीलच. तुम्ही फक्त गप्प राहा. खोटं बोलायला कोण सांगतंय?"

मंगळवारी अप्पाराव सुटला. त्याआधी दुपारी प्रमोद राव रस्त्यात भेटले. ते हसत होते.

"मास्टरसाब, सुने क्या? ये अप्पाराव पुलिस को बोलरा, गेट पे मैं था ही नहीं, मास्टरसाब थे बोलके. एसआय साब कान के नीचे दिए दो. इत्ते बड़े आदमी का नाम लेता?"

मास्तर "हं" म्हणाले.

एवढंच. पण घरी येईपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं, की आता गप्प राहणं संपलं. त्यांना विचारलं गेलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं.

रात्रीच्या जेवणाला विठाबाईंनी भाकरी वाढली आणि समोर बसून राहिल्या.

"तो खरं बोलला अन् मार खाल्ला," त्या म्हणाल्या. "तुम्ही हं म्हणलात अन् जेवायला बसलात. मी काही म्हणत नाही. आमटी घ्या."

मास्तरांनी आमटी घेतली नाही.

गुरुवारी संध्याकाळी असोसिएशनची बैठक होती. विषय दोन. अप्पारावला काढणे आणि त्याच्या जागी एजन्सीचे गणवेशवाले गार्ड नेमणे. एजन्सीचं पत्रक सगळ्यांना वाटलं होतं, त्यावर एका गार्डचा सॅल्यूट करतानाचा फोटो होता. अमरदीप बैठकीला वडिलांशेजारी बसला होता. मास्तर उठू लागले तेव्हा त्याने त्यांच्या मनगटाला हात लावला, मग काढून घेतला.

"रविवारी दीड ते सव्वादोन फाटकावर मी होतो," मास्तर म्हणाले. "सेहेचाळीस मी लिहिला. घरातून कोणी दिला नव्हता. अप्पाराव जेवायला गेला होता, तो मी सांगितलं म्हणून."

मग प्रमोद रावांनी मान हलवली.

"मास्टरसाब, आप का दिल बड़ा है. मगर गरीब को बचाने की भी एक हद होती."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या; रविवारी फाटकावर कोण होतं हे त्या आइस्क्रीमबरोबरच विसरल्या असाव्यात. मास्तरांच्या या भावनेची नोंद घ्यावी आणि पुढच्या विषयाकडे वळावं, अशी सूचना आली.

"काका, बसा," कुलदीप जाधव हळूच म्हणाले. "नंबर आमच्या फ्रिजवर होता. तुम्हाला कुठून माहीत असणार?"

मास्तर बसले नाहीत. "प्रमोद राव, तुमचा पुढचा नंबर एकाहत्तर," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई, अठ्ठावीस. चौतीस नंबर, तुमचा शून्य नऊ. सहा नंबर, तुमचा त्रेपन्न, पण तुम्ही परवा चुकून पुढचा दिलात, म्हणून त्रेपन्न अजून शिल्लक आहे."

चौतीस नंबरवाले उठून घरी गेले. घर जवळ होतं. परत येऊन त्यांनी अध्यक्षांकडे पाहून मान डोलावली. आता टाळ्या वाजल्या नाहीत. काही जणांनी खुर्च्या जराशा मागे सरकवल्या.

"म्हणजे अडतीस घरांची कुलपं तुमच्या डोक्यात होती," कुलदीप म्हणाले. त्यांच्या बोलण्यातून काका गेलं होतं.

"होती."

"आणि तुम्ही मनाने नंबर लिहिलात. रेल्वेतही असंच करत होता?"

"कधीकधी. फोन लागला नाही की."

"मग गाड्या?"

"गाड्या गेल्या," मास्तर म्हणाले. "त्यामुळेच सवय सुटली नाही."

बैठक आणखी तासभर चालली. प्रायव्हेट नंबरची पद्धत रद्द झाली. वाघमारे यांना सुरक्षेच्या कामातून मोकळं करण्यात आलं. एजन्सीचे दोन गार्ड नेमायचे, आणि अप्पारावला तूर्त ठेवायचं, कारण त्याला काढायचं कारण उरलं नव्हतं आणि नवं कोणाला चटकन सुचलं नाही. वाघमाऱ्यांनी ठाण्यात जाऊन जबाब द्यावा, असंही ठरलं.

शुक्रवारी सकाळी अमरदीपने त्यांना गाडीतून ठाण्यात नेलं. इन्स्पेक्टरांनी जबाब घेतला, पत्ता लिहिला, घरात आणखी कोण कोण राहतं ते विचारलं आणि तेही लिहिलं. अमरदीपच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी दोनदा विचारलं.

परतताना मास्तर फाटकाशीच उतरले. अप्पाराव स्टुलावर बसला होता. तो उठला.

"बोल दिया, अप्पाराव," मास्तर म्हणाले. "मीटिंग में भी, ठाणे में भी."

अप्पाराव वळून दुसऱ्या बाजूने उभा राहिला. "इधर से बोलो सार. उस कान से सुनाई नहीं देरा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. या बाजूने.

"हौ, सुना मैं," अप्पाराव म्हणाला. "आप कल बोले. मेरे को मंगल को मारे." त्याच्या आवाजात राग नव्हता. वार सांगावेत तसे त्याने वार सांगितले. मग म्हणाला, "एक कागज लिखके दो सार. इतवार को मैं पूछके खाने को गया था करके."

"रजिस्टर में लिख देता हूँ."

"रजिस्टर उनका है. मेरे पास रहना."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. अप्पारावच्या बायकोने खोलीतून एक वही आणून त्यातलं पान फाडून दिलं. रविवारी दीड ते सव्वादोन फाटकाचा चार्ज माझ्याकडे होता, अप्पाराव माझ्या परवानगीने जेवायला गेला होता, असं त्यांनी इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि सही केली.

"तारीख इतवार की डालो," अप्पाराव म्हणाला.

मास्तरांचं पेन कागदावर टेकलं होतं. रविवारची तारीख टाकली तर हे मधले चार दिवस कागदावरून पुसले जाणार होते, आणि मागणारा अप्पारावच होता. पण तेवढं त्यांच्याने होईना. त्यांनी शुक्रवारची तारीख टाकली आणि ती अप्पारावला वाचून दाखवली.

अप्पारावने कागद घेतला, उजेडात धरून पाहिला आणि बायकोला दिला. ती तो रेशन कार्डाच्या डब्यात ठेवायला आत गेली. मास्तर तिथेच उभे होते. आणखी काही सांगायचं असेल तर ते अप्पाराव सांगेल, असं त्यांना वाटत होतं. बाहेर एक गाडी येऊन थांबली आणि तिने हॉर्न दिला.

"सार," अप्पाराव म्हणाला, "जरा बाजू हो जाओ. गेट खोलना है."