आमेन म्हणणारा

"शिक्का वरच्या बाजूला ठेव. आणि फडकं त्याच्यावर दाबू नकोस," एवान्थिया पलंगावरून म्हणाली.

"जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलाय मी. एक पाव नेता येणार नाही होय मला?" तिचा नवरा प्रोद्रोमोस म्हणाला.

"गळ्याला शिक्का नसतो."

उपासनेचा हा पाव त्यानंच भाजला होता, आयुष्यात पहिल्यांदा. कमरेचं हाड मोडून ती आडवी झालेली. तिथूनच तिनं हुकूम सोडले आणि त्यानं पीठ मळलं, लाकडी शिक्का दाबला, फुगून फुटू नये म्हणून काडीनं भोकं पाडली. तरी शिक्क्यातल्या क्रुसाला एका बाजूनं चीर गेलीच. तशाच पावाची जोखीम घेऊन तो चर्चकडे निघाला होता.

प्रोद्रोमोस हा वरच्या कारिया गावचा न्हावी. चर्चशी त्याचं काही वाकडं नव्हतं. लग्न, बाप्तिस्मा, ईस्टर एवढ्याला तो जायचा, तेही बाहेरच्या अक्रोडाखाली सिगारेट ओढत उभा राहायला. एरवी रविवारी बायका चर्चमध्ये आणि पुरुष स्ताथिसच्या कॉफीच्या दुकानात, ही गावची जुनी वाटणी. पाद्र्यांबद्दल त्याची एकच तक्रार होती. अख्ख्या डोंगरात तेवढा एकच पुरुष असा, की ज्याची दाढी कधी त्याच्या खुर्चीत आली नाही.

पण एक कोडं त्याला संसारभर छळत आलं होतं. ही बाई तिथं एवढा वेळ करते तरी काय? विचारलं की ती म्हणायची, "काही नाही. उभी असते." आता उभं राहायला घरात जागा नव्हती का!

अलीकडे गावच ओस पडलं होतं. ऑगस्टात मारियामातेच्या सणाला अथेन्सहून, जर्मनीहून सगळे यायचे, नाचायचे, भांडायचे आणि आल्या वाटेनं निघून जायचे. थंडीत उरायचे ते हे नवराबायको, स्ताथिस आणि अंथरुणाला खिळलेली दोनचार म्हातारी माणसं. पाद्री पापा मिनास खालच्या खोऱ्यातून एक रविवार आड गाडी घेऊन वर यायचे, आणि चर्चमध्ये त्यांच्यासमोर एकटी एवान्थिया असायची.

"आज तू नाही गेलास तर ते आल्यापावली परत जातील," ती म्हणाली. "तसं दोनदा झालं की येणंच बंद. मग दाराला कुलूप. शाळेला लावलं तेव्हाही थोडेच दिवस म्हणाले होते."

"पण मी जाऊन करू काय?"

"जा म्हणजे कळेल."

पापा मिनासनी वेदी झाकणाऱ्या भिंतीच्या बाजूच्या दारात त्याच्या हातून पाव घेतला. चीर त्यांना दिसली, पण ते काही बोलले नाहीत. कारागिराला हे बरं वाटतं.

"नावं सांगा, काका."

"कुणाची?"

"आधी जिवंतांची, मग गेलेल्यांची. काकू सांगतात, आणि मी प्रत्येक नावाला या पावाचा एकेक कण काढून ठेवतो."

"मला कुठं ठाऊक, ती कुणाची देते ते?"

"तुमचीच माणसं आहेत हो."

प्रोद्रोमोसनं सुचली तेवढी सांगितली आणि मान लांब करून आत पाहिलं. ताटलीवर मधे पावाचा एक चौकोनी तुकडा, आणि खाली कणांच्या दोन रांगा. एक जिवंतांची, एक मेलेल्यांची.

मग तो पुरुषांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. समोर बायकांच्या बाजूला एवान्थियाची उंच लाकडी बैठक होती. तिचे हात टेकायचे दांडे घासून काळेभोर झाले होते. तो तिकडे बघत असताना आत पापांनी पहिला आशीर्वाद गायला आणि ते थांबले. थांबलेच. प्रोद्रोमोसला वाटलं, ठसका लागला असेल. एवढ्यात मधल्या दारातून ती लांब दाढी बाहेर आली.

"काका, आमेन."

"आमेन, पापा, आमेन. चालू द्या तुमचं."

"अहो, तुम्ही म्हणाल तेव्हाच चालणार. इथं ते तुम्ही म्हणायचं असतं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी हा झगा उतरवून घरी. पाद्र्याला एकट्याला ही उपासना करता येत नाही. समोर निदान एक माणूस लागतो."

"बिशप आला तरी?"

"बिशप आला तरी."

प्रोद्रोमोस थक्कच झाला. सोनेरी झगा, धुपाटणं, छतावरून डोळे वटारणारा ख्रिस्त, सगळा जामानिमा तयार, आणि घोडं अडलंय कुणापाशी, तर न्हाव्याच्या एका शब्दापाशी! त्यानं घसा खाकरला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आमेन म्हटलं.

उपासना संपल्यावर मिळालेला प्रसादाचा तुकडा त्यानं रुमालात बांधून घरी आणला. एवान्थिया सकाळपासून उपाशीच होती. तिनं छातीवर क्रूस काढला, तुकडा खाल्ला आणि रुमालावरचा चुराही बोटानं टिपला.

"तुझ्यावाचून त्यांचं अडतं हे कधी बोलली नाहीस मला," तो म्हणाला.

"अडतं तर तुझंही. ते कुठं बोलत बसते मी?"

"पण मला एक सांग, घरी बसून प्रार्थना होत नाही का?"

"होते की. दाढी घरी होत नाही का? तरी लोक तुझ्याकडं यायचेच ना?"

"ते गप्पांना यायचे. एकमेकांची तोंडं बघायला."

"हं," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "नावं कुणाची देतेस?"

"तू पहिला."

"मी? मी तर तेव्हा स्ताथिसकडं पत्ते कुटत असायचो!"

"म्हणूनच."

मग तो जातच राहिला. कोडं सुटायच्या ऐवजी वाढत चाललं होतं आणि त्याला त्याची गोडी लागली होती. शिक्क्याला चीर का पडते, हे तो तिला विचारायचा, आणि धूप आधी कुणाला दाखवायचा, हे पापांना. ते हसून म्हणायचे, "काका, धर्मवर्गातल्या पोरांनीसुद्धा मला एवढं पिडलं नव्हतं." स्ताथिस दुकानाच्या दारातून टोमणा मारायचा, "काय रे, आता दाढी वाढवतोस की काय?"

"तू चल. एकाचे दोन होऊ."

"मी आत पाय टाकला तर छत खाली येईल. आधीच जुनं आहे."

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नाही. तिथं उभं राहिलं की त्याला डोकी आठवायची. भोवरा असलेली, खोक पडलेली, लष्करात जायच्या आदल्या दिवशी कापलेली, आणि मेल्यावर शेवटची दाढी करताना हातात धरलेली. हीच सगळी डोकी एकेकाळी त्याच्या दुकानात गर्दी करायची. हळूहळू त्याची नावांची रांग लांबत गेली. तिच्यात पहिलं नाव मात्र एवान्थियाचं, कारण तिच्या रांगेत पहिला तो होता.

नाताळच्या आधी, दुपारची झोपली ती एवान्थिया उठलीच नाही. दफनाला गाव पुन्हा भरलं. मुलगा स्तेर्गिओस म्हणाला, "बाबा, चला माझ्याबरोबर जर्मनीला. इथं आहे काय आता?" प्रोद्रोमोस बघू म्हणाला. मग गाड्या एकेक करून डोंगर उतरल्या.

पुढचा रविवार पापांचा होता. पहाटे त्यानं पाव भाजला. या खेपेला शिक्का स्वच्छ उठला होता, कुठं एक चीर नाही, आणि तो दाखवायला घरात कोणी नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारा भट्टीपाशी उभ्या उभ्या रडला.

स्ताथिस दारातच होता. आज त्यानं टोमणा मारला नाही.

"बस जरा. कॉफी घे," तो म्हणाला. "तिच्यासाठी जायचास, ते ठीक होतं. आता कुणासाठी जातोस?"

जाऊ नये असं प्रोद्रोमोसलाही वाटत होतं. पण वर घंटा वाजली, आणि पापा दोरी सोडून आता कुणाची वाट बघत असतील हे त्याला ठाऊक होतं. तो चढण चढायला लागला.

पापा मिनासनी पाव हातात घेऊन शिक्का निरखून पाहिला. "सुंदर उठलाय, काका," ते म्हणाले. मग छोटी सुरी उचलून त्यांनी विचारलं, "जिवंतांची?"

"एवान्थिया," प्रोद्रोमोस म्हणाला. "स्तेर्गिओस, सूनबाई, नात फोतिनी, स्ताथिस..."

आणि त्याचं लक्ष ताटलीकडे गेलं. पहिला कण ताटलीवर ठेवून झाला होता. जिवंतांच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे.

"चुकलं, पापा. सवयीनं निघून गेलं तोंडातून. उचलून तिकडं ठेवा."

पापांनी सुरी पुढे केली, पण कणाला लावली नाही.

"ते रुमालानं झाकलेलं भांडं दिसतंय ना तुम्हाला? तो द्राक्षारसाचा प्याला," ते म्हणाले. "शेवटी ही ताटली मी त्याच्यात रिकामी करतो. दोन्ही रांगा एकदमच. आत गेल्यावर कोण कुठल्या रांगेतलं, हे मला नाही ओळखता येत, काका."

"खरंच?"

"हजारदा केलंय मी. राहू दे की तिथंच."

इतके दिवस प्रश्न विचारणाऱ्या प्रोद्रोमोसनं पुढं काही विचारलं नाही. तो येऊन उभा राहिला, पण पुरुषांच्या बाजूला नव्हे. त्या काळ्याभोर दांड्यांवर त्यानं हात टेकले. पापांनी पहिला आशीर्वाद गायला आणि ते थांबले. रिकाम्या चर्चमध्ये त्याचं आमेन चांगलं खणखणीत उमटलं.

निघताना प्रसादासाठी त्याचा हात पुढे झाला आणि तुकडा घेऊन पुन्हा पुढे झाला. पापांनी दुसराही दिला. एक त्यानं खाल्ला, एक रुमालात बांधला. उतार उतरून तो स्ताथिसच्या दुकानात शिरला आणि रुमाल टेबलावर सोडला.

"हा कुणाचा?" स्ताथिसनं विचारलं.

"एवान्थियाचा. तू घे."

स्ताथिसनं सिगारेट विझवली. समोरच्या अर्ध्या कपाकडे बघून तो ओशाळला.

"मी कॉफी प्यालोय रे. हे उपाशीपोटी खायचं असतं."

"तुला कसं ठाऊक?"

"मलाही आई होती की."

त्यानं तुकडा दोन बोटांत अलगद धरला, फळीवरच्या बाटल्या सरकवून जागा केली, तिथं ठेवला आणि धुतलेला ग्लास त्याच्यावर पालथा घातला. "उद्या सकाळी," तो म्हणाला, आणि प्रोद्रोमोससाठी कॉफी चढवायला गेला.