जमिनीवरचा आरसा

आरसा तिने पुन्हा खिळ्याला अडकवला आणि दोन पावलं मागे सरून तो सरळ आहे ना, ते पाहिलं. शिवलेले कपडे अंगावर चढवून गिऱ्हाइकांनी बघायचा उभा आरसा तो. त्याची जागा भिंतीवर. पण हल्ली मास्तर रोज तो उतरवून शिलाई मशीनच्या समोर जमिनीवर तिरका टेकवून ठेवत, आणि ती रोज सकाळी परत टांगत असे.

"लाथ लागून फुटेल एखाद्या दिवशी. कशाला उतरवता?"

"पँटची खालची शिवण नीट दिसते गिऱ्हाइकाला," मास्तर म्हणाले. सुईत दोरा ओवताना त्यांनी मान वर केली नाही.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"चालून आलात?"

"आलो."

नवऱ्याची उत्तरं अशी चटकन आणि सरळ येतात याचं तिला फार कौतुक होतं. इतरांचे नवरे कुरकुरतात, चोरून खातात, बायकोवर डाफरतात. आपल्या माणसाला वळण लावलंय, असं ती चारचौघीत सांगायची.

फोन वाजला. पलीकडे ऑनलाइन कोर्सवाल्यांची तीच गोड गळ्याची मुलगी.

"मॅडम, विचार झाला का? बॅच भरत आलीय. तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय मी."

"संध्याकाळपर्यंत कळवते," ती म्हणाली.

कळवायचं काय, ते तिच्या मनात ठरल्यासारखंच होतं. इतकी वर्षं तिने एका जिमच्या काउंटरवर काढली होती. मग दारावर बोट टेकवून आत सोडणारं यंत्र आलं आणि काउंटरबरोबर तिची खुर्चीही गेली. थोडे दिवस ती घरात नुसती पाय आपटत फिरली. नंतर तिच्या डोक्यात आलं की, गल्लीतल्या बायका एरवी आपल्यालाच विचारायला येतात. काय खावं, किती चालावं, साखर कशी उतरवावी. 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवतात, पण येतात. फुकट करतो तेच रीतसर प्रमाणपत्र घेऊन केलं तर काय बिघडलं? परगावच्या लेकीने आरोग्य-प्रशिक्षकाचे दोन ऑनलाइन कोर्स शोधून पाठवले आणि वर बजावलं, "आई, घाई करू नकोस. नीट बघून ठरव."

पहिला कोर्स, त्या फोनवरच्या मुलीचा, सुटसुटीत होता. छोटे छोटे व्हिडिओ, शेवटी एक परीक्षा, आणि ती पास होईपर्यंत कितीही वेळा द्यायची मुभा. प्रमाणपत्राला सोनेरी किनार. फक्त एक यशोगाथा जोडायची होती, आपण ज्याची तब्येत सुधारली अशा माणसाचा फोटो. तो तर तिने काढूनही ठेवला होता. नवा शर्ट घातलेले मास्तर, हातात रक्ततपासणीचा रिपोर्ट. कुणी शंका काढलीच तर ती म्हणायची, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? यांची साखर बघा ना." तिची पदवी म्हणजे मास्तरांची साखर, असंच म्हणायचं.

दुसरा कोर्स लांबलचक आणि रुक्ष. शिवाय प्रवेशाआधीच त्यांची एक अट होती. घरच्या किंवा जवळच्या एका माणसाशी तब्येतीबद्दल बोलायचं आणि ते बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचं. उपदेश करायचा नाही. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा नाही. आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, कितीही वेळ लागो.

"उपदेश करायचा नाही, तर मग शिकवतात तरी काय?" तिने लेकीला विचारलं होतं.

लेक हसली होती. "एकदा करून तर बघ. बाबांना बसव समोर."

दुपारी गिऱ्हाईक नसतं. सकाळपासून हातशिलाईच चालल्यामुळे आरसा आज अजून भिंतीवरच होता. तिने दुकानाचं दार लोटलं, रिळांच्या डब्याला फोन टेकवून उभा केला आणि स्टूल ओढून मशीनपाशी बसली. मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली.

"फोटो काढतेयस का?"

"नुसतं बोलायचंय. मी विचारते, तुम्ही सांगा." तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. "तुम्हाला तब्येतीची काळजी वाटते ना?"

"हो."

तिने जीभ चावली. पहिल्याच घासाला खडा. तिने शब्द जुळवून पुन्हा विचारलं, "तब्येतीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"तू आहेस की. मला वेगळं कशाला वाटायला हवं?"

यावर सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. ते तिने गिळलं. कोर्सवाल्यांनी नमुन्याला काही प्रश्न दिले होते, त्यातला एक आठवला.

"दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?"

खडूचा तुकडा घेऊन मास्तर टेबलावरच्या कापडाच्या कडेला रेघ ओढू लागले, मग तीच रेघ अंगठ्याने पुसू लागले. उत्तर तिला ठाऊक होतं. फिका चहा, नाहीतर पहाटेचं चालणं. ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण अट म्हणजे अट. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. एवढा वेळ नवऱ्यासमोर आपण कधी गप्प बसलोय, ते तिला आठवेना.

"सकाळ," मास्तर शेवटी म्हणाले.

ती थांबली.

"तू आरसा टांगून आत जातेस ना, तिथपासून मी तो उतरवेपर्यंत."

ती तरीही थांबली. आता अटीमुळे नाही.

"पाय दिसत नाही गं मग. हा उजवा. पायडलवर आहे की घसरला, ते बघावं लागतं. एरवी कळत नाही. समोर आरसा असला की दिसतो, मग चालवता येतं." त्यांनी खडू खाली ठेवला. "आधी मुंग्या यायच्या. मग त्याही जायला लागल्या. मला वाटलं, चला, बरं होतंय."

"आणि रिपोर्ट?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"तपासणी जवळ आली की मी अगदी तुझ्या मनासारखा वागतो. पोरं परीक्षेच्या तोंडावर अभ्यास करतात ना, तसं." ते एकटेच हसले. "तपासणी झाली की मग कोपऱ्यावर जाऊन चहा. साखरेचा."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगणार होतो. त्या दिवशी तू दारात शेजारणीला माझा रिपोर्ट दाखवत होतीस. इतकी खुशीत होतीस. म्हटलं, आज नको."

तिला राग आला. आधी त्यांचा, मग त्या रिपोर्टचा, मग शेजारणीचाही, जिचा यात काडीचा दोष नव्हता. पण रागाच्या तळाशी भीती होती, आणि ती काही केल्या हलेना. जिममध्ये एक गृहस्थ काठी टेकत यायचे. एका पायाचा अर्धा चवडा कापलेला. साखर वाढली की पाय आधी मुका होतो, म्हणायचे ते. मग जखम कळत नाही, आणि मग पाय जातो. ती त्यांच्या नावापुढे हजेरीची खूण करायची आणि 'या' म्हणायची. आपल्या घरात काय चाललंय ते विचारावं, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. विचारायची ती रोज. गोळी घेतली? चालून आलात? विचारता विचारताच ती पुढच्या कामाला लागलेली असायची.

ती उठली. आरसा खिळ्यावरून काढला आणि मशीनच्या समोर जमिनीवर टेकवला.

"असा?"

"जरा तिरका. अजून थोडा. हां, बास."

आरशात पायडल दिसलं आणि त्यावरचा त्यांचा अनवाणी पाय. ती तिथेच फरशीवर बसली. तो पाय दोन्ही हातांनी उचलून तिने टाच आपल्या गुडघ्यावर ठेवली. पाय गार होता.

"डोळे मिटा."

"हे पण तुझ्या कोर्सात आहे?"

"मिटा म्हणते ना."

मास्तरांनी डोळे मिटले. तिने एक बोट त्यांच्या अंगठ्याजवळ नेलं, आणि तिथे तिचा धीर सुटला. टेकवलं की कळणार होतं. उद्या त्यांना डॉक्टरांकडे आता न्यावंच लागणार होतं, तेही हेच करून बघतील, पण या क्षणी तिला ते बोट पुढे नेता येईना. तोंड मात्र सवयीने आधीच उघडलं होतं.

"कळतंय का?"

"कळतंय," मास्तर लगेच म्हणाले.

बोट अजून हवेतच होतं.

रिळांच्या डब्याला टेकलेला फोन चालूच होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तर डोळे घट्ट मिटून बसले होते. उत्तर बरोबर आलं, असा त्यांचा चेहरा होता.

"उघडू का आता?" त्यांनी विचारलं.

तिला हो म्हणवेना.