कपाळावर उणे ऐंशी

मी एक जुना डीप फ्रीजर आहे. घरातल्या फ्रीजचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. उणे ऐंशी अंशांची थंडी पोटात बाळगायची, हे माझं काम. ते मी केलं नाही, म्हणून आज मान खाली घालून बोलतो आहे.

मित्रांनो, जीवाणूंच्या पेशीत कोएन्झाइम ए नावाचा एक हमाल राबतो. अन्नातले कार्बनचे तुकडे पाठीवर घ्यायचे आणि हवे तिथे उतरवायचे. आमच्या प्रयोगशाळेतली ताई हे हमाल मोजायची. जीवाणूंना खाऊ घालून ती त्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठवी आणि त्यांचा अर्क माझ्या वरच्या कप्प्यात ठेवी. गारठ्यात हमाल ओझ्यासकट जागच्या जागी थांबतात. ऊब लागली, की ओझं गळून पडतं.

पूर्वी प्रयोगशाळेतले एक काका दर महिन्याला माझ्या दारावरचा बर्फ खरवडत. "नुसते आकडे काय बघता? दार बसतंय का ते बघा!" असं ओरडत. ते निवृत्त झाले आणि सगळे माझ्या कपाळावरचा आकडा तक्त्यात उतरवून मोकळे होऊ लागले. बर्फ साचला, दाराचं रबर फाटलं, वरच्या कप्प्यातला गारठा ओसरला. माझा तापमापक मात्र तळाशी. मी ऐटीत उणे ऐंशीच दाखवत राहिलो.

ताईच्या नळ्यांत सगळे हमाल रिकामे निघाले.

"तुझा हात हळू चालतो," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "गोठवेपर्यंत ओझी उतरलेली असतात. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर हा विषय सोड."

"माझंच चुकत असेल, सर."

मग ती साधं पाणी घेऊन, घड्याळ लावून ते झटपट गोठवण्याचा सराव करू लागली. बोटं लाल होईपर्यंत. मी समोर उभा राहून घरघरत होतो. मला बोलता येत नाही, ही सबब चालायची नाही. खोटा आकडा मीच दाखवत होतो.

ती घरघर ऐकून शेवटी ताईने मेकॅनिक बोलावला.

"मॅडम, वरच्या कप्प्यात गारठाच राहत नाही की! रबर कधीचं गेलंय."

ताई एकेक नळी बाहेर काढू लागली. दोन वर्षांच्या नळ्या होत्या त्या. सर आले, त्यांनी फाटलेलं रबर चाचपून पाहिलं. "तुझा हात ठीक होता," एवढंच म्हणाले. "पुन्हा कर. मुदतीचं मी बघतो."

नवं रबर बसल्यावर ताईने ते स्वतः पुसलं. "थकला असेल बिचारा," ती पुटपुटली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, आमची निगा राखा. नाहीतर आमची चूक एखादं भलं माणूस मुकाट्याने स्वतःच्या माथी घेतं.