पुढील आदेश होईपर्यंत

लोकप्रशासनाच्या वर्गात प्रियदर्शनी खिडकीशी बसायची. अमरावतीच्या विद्यापीठात एम.ए.चं दुसरं वर्ष लागेपर्यंत तिनं त्या खिडकीतून मागची टेकडी हिरवी, पिवळी आणि पुन्हा हिरवी झालेली पाहिली होती. आत गजेंद्र सर अधिकारांची उतरंड समजावत असायचे, आणि तिचं मन टेकडीवरच्या गुरांमागून धुक्यात चालत असायचं. पुढे काय करणार, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "पाहू."

तिच्या वडिलांचं, देवमन यांचं, पाहून झालं होतं. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या त्या माणसाला लेक उपजिल्हाधिकारी व्हायला हवी होती. अकोल्याच्या घरी तिच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं त्यांनीच आणून रचली होती. ती पान उघडायची, आणि थोड्या वेळानं तिला कळायचं की आपण ओळी वाचत नाही, नुसत्या पाहत आहोत.

लघुप्रबंधासाठी सरांनी तिला निंबखेडची नळयोजना दिली. निंबखेड पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून सगळं गाव दर चौथ्या दिवशी येणाऱ्या नळावर. डिसेंबरातल्या एका दुपारी ती प्रश्नावली घेऊन एस.टी.तून उतरली, तर घरोघरी कड्या लावलेल्या. बायका कापूस वेचायला गेल्या होत्या.

वस्तीच्या टोकाला नळकोंडाळं होतं. शेजारच्या निंबाखाली पुंजाजी बसला होता. टाकीचा व्हॉल्व्ह सोडणं हे त्याचं काम. प्रियदर्शनीही तिथंच बसली. ऊन कोवळं होतं. वाऱ्यावर कापसाचे धागे तरंगत येत होते, आणि तिला वाटलं, हे गाव आपल्याला झोपेत दिसून राहिलं आहे. दोन वाजता पुंजाजी उठला, चावी फिरवली. जमिनीखालून गुरगुर आली. मग चारही तोट्यांतून पाणी सुटलं आणि चार म्हाताऱ्यांचे गुंड, म्हणजे पितळी हंडे, भरून झाल्यावर सरळ नालीला लागलं. उन्हात ते इतकं सुंदर चमकत होतं की ती पाहतच राहिली. ते वाया जातं आहे हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं.

पाणी थांबलं तेव्हा एक बाई वावरातून धावत आली. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. दुर्गाबाई. तिनं कोरडी तोटी फिरवून पाहिली.

"गेलं का?"

"आताच गेलं," प्रियदर्शनी म्हणाली. "पण दुपारी दोनला काहून सोडता, काका? गाव तर वावरात असते."

"कागदात तसंच हाये," पुंजाजी म्हणाला. "मी कागदाच्या भायेर कसा जाऊ?"

तो कागद तिला ग्रामपंचायतीच्या फायलीत सापडला. पाच वर्षांपूर्वीचा. गावचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, जळाल्यामुळे तेव्हा वीज दुपारीच मिळायची, म्हणून वेळ ठरवली होती: दुपारी दोन ते तीन, पुढील आदेश होईपर्यंत. डीपी आठवड्यात बदलली होती. पुढचा आदेश मात्र निघालाच नव्हता.

प्रियदर्शनी त्या तीन शब्दांवर बोट ठेवून बसून राहिली. वर्गात ऐकलेलं सगळं पहिल्यांदाच तिला दिसलं. त्याला चेहरा होता, कमरेला ओटी होती.

ग्रामसेवक शेषराव यांच्याकडे चार गावं होती. तिनं कागद दाखवला तेव्हा ते चिडले नाहीत, उलट ओशाळले. "मले कोणी सांगतलंच नाही, ताई. बायांचा अर्ज द्या. सभेत घेतो."

दुर्गाबाई दोन दिवस घरोघर फिरली. अर्जावर एकोणतीस सह्या आणि सात अंगठे झाले. मासिक सभेत ठराव झाला, तेव्हा शेषराव म्हणाले, "मसुदा तुमीच लिहा. तुमी शिकून राहिल्या तेच ना हे?"

पाच ओळी लिहायला तिला दुपार पुरली नाही. सहा वेळा खोडलं.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी ती दुर्गाबाईच्याच घरी मुक्कामी होती. सकाळी सहाला धुक्यात काहीच दिसत नव्हतं. नुसते आवाज होते: बांगड्यांचे, गुंडांचे, कोणाच्या तरी हसण्याचे. मग जमिनीखालची गुरगुर. दुर्गाबाईनं पहिली ओंजळ भरून तिच्यापुढे धरली. "पे, पोरी." पाण्यानं दात शिवशिवले.

अकोल्याला आल्यावर तिनं वडिलांना सांगितलं, "बाबा, मले ग्रामसेवक व्हायचं हाये."

देवमन यांनी हातातला पेपर खाली ठेवला. "एवढं शिकून?"

"हो. मोठ्या खुर्चीचं सपन तुमचं होतं, बाबा. मले ते कधी पडलंच नाही."

त्यांना लागलं. दोन दिवस घरात फक्त भांडी वाजली. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "जाहिरात निघाली का पाहून ये. फॉर्म मात्र मी वाचल्याबिगर भरू नको."

पुढच्या वर्षी तिची नेमणूक तिवसा तालुक्यात झाली. पहिल्या सकाळी कार्यालयाचं कुलूप गंजलेलं निघालं आणि चावी काही केल्या फिरेना. पायरीवर तीन माणसं आधीच येऊन बसली होती.

ती खटपट सोडून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "काय काम होतं?"