काकडीची ककडी झाली तेव्हा

मी गादीवाफा. नाव ऐकून हात जोडू नका. आमच्या ग्वाल्हेरात ‘गादी’ म्हटलं की राजगादी समजून माणसांचा आवाज आपोआप खाली येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चार बाजूंना फरशीचे उभे तुकडे, मध्ये गुडघाभर माती, एवढंच माझं राज्य. शहराच्या लष्कर भागात महिपतरावांच्या घराच्या मागच्या अंगणात आम्ही तीन भाऊ आहोत. मी मधला.

मला महिपतरावांनी बांधलं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना करायला काही नव्हतं आणि सांगायला मात्र पुष्कळ होतं. फोनवर त्यांनी कुठल्याशा मराठी शेतकऱ्याचा व्हिडिओ पाहिला, त्यात ‘गादीवाफा’ हा शब्द होता. मुलगा अंबरीश म्हणाला, “बाबा, त्याला रेज्ड बेड म्हणतात.” महिपतराव म्हणाले, “तू म्हण. आमचे पणजोबा फौजेबरोबर इथे आले ते गादीसाठीच. मी तर गादीच म्हणणार.”

जुन्या ओट्याच्या फुटक्या फरश्या त्यांनी दोरी लावून उभ्या केल्या. माती आणली, शेणखत आणलं, निंबोळीची खळी, म्हणजे पेंड, आणली. पण तळाशी काय भरलं? न्हाणीघर दुरुस्त केलं होतं, त्याचा मलबा. वर माती पसरली की कोणाला काय दिसतं, असा हिशेब. माणसांची बरीचशी कामं अशीच असतात.

मग त्यांनी माझ्यावर पाय दिला. गादीवाफ्याचा एकच नियम आहे: त्याच्यावर उभं राहायचं नाही, माती मोकळी राहू द्यायची. महिपतराव बुटांसकट वर चढले, कमरेवर हात ठेवले आणि अंबरीशला म्हणाले, “काढ फोटो.” किल्ला जिंकल्यासारखा चेहरा होता. जिंकलं होतं काय, तर तीन हात लांब माती.

पहिल्या वर्षी त्यांनी मेथी चार बोटं खोल पुरली. मेथी वर येईना. भर दुपारी पाइप लावून मला बुडवलं, तरी येईना. “बी नकली आहे,” ते म्हणाले. बियाणं नकली, माती नकली, हवा नकली; खरे काय ते एकटे महिपतराव. नंतर वर्षभर माझ्या कडेवर फरशी पुसायचे पोछे वाळत होते आणि मांजर आपलं काम उरकून जात होतं. खरं सांगायचं तर तेवढ्या काळात मांजरच सर्वांत शहाणं वागलं. करून झाल्यावर माती तरी उकरून टाकायचं.

मग अंबरीशचं लग्न झालं आणि शिखा घरात आली. ती इथल्याच हजीरा भागातली. माहेरी हिंदी बोलायचे, आणि तिची आई घरामागच्या तुकड्यात वर्षभर भाजी काढायची. इथे मात्र शिखाला काही येत नाही असं ठरून गेलं होतं. पुरणपोळी फुटली, वरणात हिंग जास्त झाला, ‘मी बोलली’ म्हणाली. सासूबाई सुनंदाताई वाईट नाहीत. पण त्यांची दुरुस्ती दिवसभर चालते, आणि ती गोड आवाजात होते. गोड आवाज मला जास्त टोचतो.

एका सकाळी शिखा अंगणात आली आणि तिनं माझ्यात बोट खुपसलं. बाकीचे वरून बघत. हिनं दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून वास घेतला. मग आठ दिवस बसून तळाचा मलबा एकेक तुकडा वेचून काढला. एक तुटकी टाइल हातात धरून ती स्वतःशीच म्हणाली, “हे राम, बाबूजींनी तर पूरा बाथरूम लावला आहे.” त्या घरात मला हसू आलं ते तेव्हाच.

महाशिवरात्रीच्या आसपास सुनंदाताई माझ्याशेजारी उभ्या राहून सुधाताईंशी फोनवर बोलत होत्या. सुधाताई म्हणजे महिला मंडळातल्या सर्वांत जुन्या, सर्वांच्या हळदीकुंकवाला जाऊन सर्वांच्या चुका काढणाऱ्या. “यंदा चैत्रगौरीला सगळ्यांना माझ्याकडे बोलवलंय,” सुनंदाताई म्हणाल्या. “कैरीची डाळ, पन्हं, आणि कोशिंबिरीला काकडी घरची बरं का. आपल्या वाफ्यातली.” वाफ्यात तेव्हा माझ्याशिवाय काही नव्हतं. माणसं पीक आधी जिभेवर काढतात.

फोन ठेवून त्यांनी शिखाला हाक मारली. “काकडी लाव बाई. चाळीस बायका यायच्यात. माझी लाज तुझ्या हातात.”

“जी आई,” शिखा म्हणाली.

तिचा चेहरा मी पाहिला. त्या घरात तिला येणारं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

ती टोपी बाजारातल्या दुकानातून बी घेऊन आली, रात्रभर भिजवलं, सकाळी एकेका जागी दोन दोन दाणे हलकेच दाबले. बी अंगाला लागताच मी ओळखलं. मराठी माणूस जिला काकडी म्हणतो तिला इथे खीरा म्हणतात. तिचं बी पांढरट आणि बारीक. हे बी खरबुजाच्या बियांची बहीण शोभावं असं होतं. म्हणजे ककडी. लांब, फिकट, अंगावर उभ्या धारांची, ठेल्यावर मीठ लावून मिळते ती. सासू मराठीत म्हणाली, सुनेनं हिंदीत ऐकलं. एकाच छताखाली राहणाऱ्या दोघींना एकमेकींना एवढंही विचारता आलं नाही की बाई, तुला नक्की कोणती हवी. मला तोंड नव्हतं, असतं तरी मी उघडलं नसतं. ज्यांनी मलबा भरला त्यांना मी का वाचवावं?

वेल मात्र झकास चढले. शिखानं बांबू लावले, सकाळी सकाळी मुळाशी पाणी घातलं. आणि आता घरातल्या प्रत्येकाला मी आठवलो. महिपतराव शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागले, “पद्धत असते हो सगळ्याची.” पहिली फुलं गळली तेव्हा तेच म्हणाले, “मला तर पहिलेच माहीत होतं.” शिखानं समजावलं की पहिली फुलं नर असतात, गळणारच. ते म्हणाले, “तेच तर मी बोलतोय.”

हळदीकुंकवाला तीन दिवस उरले असताना सुनंदाताई पानं बाजूला करून बघायला आल्या. बघितलं आणि थांबल्या.

“शिखा, हे काय आहे?”

“ककडी, आई.”

“ही काकडी?” त्यांनी एक फळ दोन बोटांत धरलं. हातभर लांब, वाकडं, अंगावर लव. “हा तर साप आहे. बसस्टँडवर ठेल्यावर विकतात ती. गौरीपुढे ही ठेवू? सुधाताई काय म्हणतील?”

“तुम्हीच तर ककडी बोलला होतात.”

“मी काकडी म्हटलं होतं.”

“तेच तर मी लावलं.”

महिपतराव मध्ये पडले. ते नेहमी मध्येच पडतात. “मी बाजारातून खिरे आणतो. हे सगळं उपटून टाका. इथे गुलाब लावू, शोभा येईल.”

“उपट ते,” सुनंदाताई शिखाला म्हणाल्या. गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. “एक काम सांगितलं होतं तुला.”

शिखाचे डोळे भरले. पण ती जागची हलली नाही. “माझ्या हातानं नाही होणार, आई. मी लावलंय. तुम्हाला नको असेल तर तुम्ही उपटा.”

पुढे कोणी आलं नाही. दुसऱ्याला उपटायला सांगणं सोपं असतं; स्वतः वाकायला कंबर लागते. “हळदीकुंकू झाल्यावर बघू,” म्हणत सुनंदाताई आत गेल्या. त्या तीन दिवसांत सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येतं.

चैत्रगौरीच्या दिवशी महिपतराव बाजारातून थैलीभर खिरे घेऊन आले. मोठे, जाड, दिसायला रुबाबदार. चव घेऊन बघायचं त्यांना सुचलं नाही. दुपारी सुनंदाताईंनी एक चिरून तोंडात घातला आणि थुंकला. दुसरा, तोही कडू. उन्हानं तापलेला खीरा असाच निघतो. सगळी थैली तशीच.

“टोकं कापून घासा ना,” महिपतराव म्हणाले.

“चाळीस बायकांपुढे मी कडू कोशिंबीर वाढू?”

थोड्या वेळानं सुनंदाताई कात्री आणि परात घेऊन माझ्याजवळ आल्या. एकट्याच. वेलाखाली वाकल्या, एक फळ उचललं, सोडलं. दुसरं उचललं, सोडलं. कोणतं कोवळं आणि कोणतं जून, त्यांना कळेना. चाळीस वर्षं भाजी चिरलेली बाई, पण वेलावरचं फळ त्यांनी कधी तोडलं नव्हतं. मग दाराकडे बघून त्यांनी हाक मारली.

“शिखा, यातलं कोणतं तोडू गं?”

शिखा आली. लव असलेली, बोटाएवढी जाड तेवढीच दाखवत गेली, आणि सुनंदाताई तोडत गेल्या. परात भरली.

पाच वाजता बायका आल्या. सुधाताईंनी कोशिंबीर खाल्ली, परत मागून घेतली. “सुनंदा, काकडी गोड आहे हो. कुठली?”

मी कान टवकारले. आता ही बाई श्रेय घेणार, याची मला खात्री होती. इतकी वर्षं माणसं बघतोय.

“काकडी नाही, ककडी,” सुनंदाताई म्हणाल्या. “आमच्या शिखानं लावलीय. मला तर ती ओळखूच आली नव्हती.”

आत शिखा भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

म्हणून माणसं सुधारली असं समजू नका. महिपतरावांनी दुसऱ्याच दिवशी ककडी हातात धरून फोटो काढवला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या पद्धतीनं.’ मला त्यांच्याकडून अपेक्षा नाही. थोडी सुनंदाताईंकडून आहे, तीही जपून.

आता जेठ महिना सरत आलाय. वेल सुकले, शिखानं ते स्वतःच्या हातानं काढले आणि कापून माझ्याच अंगावर पसरले. उन्हात तेवढाच आडोसा. काल दोघी माझ्याजवळ बसून पावसाळ्याचं ठरवत होत्या.

“गिलकी लावू, आई.”

“गिलकी म्हणजे दोडका?”

“नाही, धारवाली ती तोरई. चिकनी ती गिलकी.”

“म्हणजे धारेचा दोडका, आणि गुळगुळीत ती घोसाळी. नीट सांग हो, मागच्यासारखं नको.” सुनंदाताईंनी एक बी घेतलं आणि जोर लावून खोल दाबलं, अगदी नवऱ्यासारखं. शिखानं ते वर ओढलं, अर्धं बोट खोल ठेवलं, माती सारखी केली. सुनंदाताई बघत राहिल्या.

माझं मागणं फार नाही. मी बी ओळखतो, तुमच्या मनातलं मला कळत नाही. जे पुराल तेच वर देईन. म्हणून माझ्यात हात घालण्याआधी एकमेकांना विचारून घ्या. दुसरं बी सुनंदाताईंनी हातात धरलं होतं. दाबण्याआधी त्यांनी शिखाकडे पाहिलं, आणि विचारलं, “एवढं बास?”