ओल्या हाताचा सौदा

त्या साली माझा सगळ्यांवरचा विश्वास उडाला, आणि त्यात पहिला नंबर माझ्याच उजव्या हाताचा होता.

कुठे सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. असे दिवस आले की लबाडांना आधी जाग येते. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारू लागले. मग खरेदीदार काय, प्रत्येकाकडे तो चोर असल्यासारखं बघायचे.

आमचं गाव चांदूर बाजाराजवळ. आठ घरांच्या आठ गाड्या एकत्र निघायच्या आणि सौदा सगळ्यांच्या वतीनं एकानं करायचा. वडिलांमागून तो मान माझ्याकडे आला होता. सौदा तोंडानं होत नसे. दलाल उपरणं पसरायचा, त्याच्याखाली दोघांनी हातात हात घ्यायचे, आणि कोणतं बोट किती दाबलं यावर भाव ठरायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे.

पौषाची थंडी होती. अमरावतीच्या बाजारात मी उपरण्याखाली हात घातला आणि छाती धडधडायला लागली. जीभ कोरडी पडली. हाताला मात्र असा घाम सुटला की दलालानं चटकन हात काढून धोतराला पुसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गाड्यांकडे पाहिलं, आणि उपरणं खांद्यावर टाकून चालता झाला. दुपारपर्यंत बाजारभर झालं की चांदूरकडच्या गाड्या पाणी मारलेल्या आहेत. एकानंही गाडी उघडून पाहिली नाही. थंडीत घाम फुटतो तो चोरालाच, असा त्यांचा हिशोब.

आम्ही गाड्या अकोल्याकडे वळवल्या. तिथेही हेच झालं असतं तर आमच्या गावाचा कापूस पुन्हा कुणी हातात धरला नसता. आठ घरांचा शब्द माझ्या एका हातावर होता, आणि तो हात पाझरत होता.

अकोला माझ्या बायकोचं, गोदाबाईचं माहेर, म्हणून ती गाडीत बसली होती. बाकीचे सात गडी आपापल्या गाडीवर. शेवटची गाडी चंद्रभानची. बडनेरा मागे पडेपर्यंत मला त्याचा संशय यायला लागला होता. हा सारखा घागर का भरतो? हा मागेच का राहतो? एका मुक्कामाला मी त्याच्या कापसात कोपरापर्यंत हात घातला. कोरडा होता. घटकाभर बरं वाटलं. मग वाटलं, वरचा कोरडा असेल, खालचं काय? पुन्हा हात घातला. मग दुसऱ्या बाजूनं. जितकं तपासावं तितका संशय वाढायचा. मग इतरांचाही यायला लागला. कुणी करणी केली असेल असंही वाटून गेलं. गोदाबाई गड्यांशी दोन शब्द बोलली तरी मी कान टवकारायचो.

मूर्तिजापूरच्या मुक्कामावर चंद्रभान माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"उत्तमराव, आता बस झालं. पुन्हा माह्या गाडीत हात घातला त मी इथून वापस जातो."

बाकीचे सहा खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्या गाड्यांतही मी हात घातले होतेच.

तिथून निघाल्यावर वाटेत एक नाला लागला. माझा डावा बैल पाण्यापाशी फुसफुसत थांबला. मी बैल टोचायची तुतारी उचलली तर गोदाबाईनं माझा हात धरला, आणि धरलेला सोडला नाही.

"ओला हाय," ती म्हणाली.

मी हात ओढून घेतला. तेव्हा तिनं मला सुनावलं. आपली लेक जमुना बाळंत होत होती तेव्हा माझा सदरा भिजला होता. बाप गेला त्या सकाळीही हात असेच झाले होते. जिथे माझा जीव अडकतो तिथेच हे होतं, हे तिनं वीस वर्षं पाहिलं होतं आणि मला मात्र आज सांगितलं. मला रागच आला.

"तवा काय तुमी चोरी केली होती?" ती म्हणाली. "भेव वाटते त वाटू द्या. बैलाले पाणी पाहू द्या, तो आपसूक जाते. पण एकडाव पाह्यलेला कापूस पुन्हा पाहू नका. तेवढंच करा."

तेवढ्यात बैल खरंच पाण्यात उतरला, आणि मला त्याचाही राग आला.

पण तिचं ऐकलं. तपासायची हुक्की आली की मी खाली उतरून बैलाच्या बाजूनं चालायचो. छाती धडधडायची, हात शिवशिवायचे. वाटायचं, आता नाही पाहिलं तर सगळं बुडालं. पाव कोस गेला की ते आपोआप उतरायचं. ते उतरतं, हेच मला आजवर माहीत नव्हतं, कारण उतरायच्या आधीच मी हात घालून मोकळा व्हायचो. पुन्हा यायचं, पुन्हा उतरायचं. काटेपूर्णा ओलांडेपर्यंत मी एकदाही कापसाला शिवलो नाही. संशय गेला नव्हता. तो बरोबर चालत होता, इतकंच.

अकोल्यात आमच्या आधी आमची बदनामी पोचली होती. रामराव दलालानं उपरणं पसरलं तेच नाखुशीनं. माझ्या हाताला धार लागलेली. मी हात खाली घातला नाही. उपरण्यापाशी तोंड उघडायचं नसतं, तरी मी सगळ्यांसमोर बोललो.

"रामराव, माहा हात ओला हाय. तो भेवानं होते. कापूस कोरडा हाय. आदी आठही गाड्या पहा, मंग हात धरा."

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोललो ते बोललो.

रामराव उठला. एकेका गाडीत त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. मी जागचा हललो नाही. सात झाल्या. आठव्या गाडीशी तो बराच वेळ रेंगाळला. मी चंद्रभानकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर, एवढ्या थंडीत, घामाचे थेंब उभे होते. मनात आलं, सापडला. यानंच पाणी मारलं.

रामरावानं हात बाहेर काढला, बोटं चोळून पाहिली आणि येऊन बसला. आठवी गाडीही कोरडी होती. त्यानं उपरणं पुन्हा पसरलं आणि माझा हात धरला.

"वाटलं होतं, आता तरी सुकन," तो हळूच म्हणाला.

"नाई सुकत. असाच राहते."

त्यानं मान हलवली आणि बोटं दाबली. भाव चांगला ठरला.

बैल सोडताना मी चंद्रभानपाशी गेलो. त्याला सांगून टाकलं की अगदी शेवटपर्यंत, रामरावाचा हात त्याच्या कापसात असतानासुद्धा, मी त्यालाच चोर समजत होतो, त्याच्या कपाळाचा घाम पाहून.

चंद्रभाननं जू खाली ठेवलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "तुमी माह्याकडे पाहून राहिले होते, म्हणूनच त फुटला."