उभा राहणारा वारा

"ते यंत्र माह्या खयावर उतरनार नाई," खुशालरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

खळ्यावर मळलेल्या ज्वारीची रास महिनाभर पडून होती. उफणणीला वारा लागतो आणि दोन माणसं लागतात: एक तिव्यावर, त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर, उभं राहून सूप धरणारं, दुसरं खालून पाटी वर देणारं. वारा आठ दिवस पडलेला. पाटी देणारी त्यांची बायको सुभद्रा पौषातच वारली.

वैमानिक कमलाकांत अमरावतीचाच. हेलिकॉप्टर नांदगावच्या सडकेवर ठेवून आला होता, आणि तिथं बैलगाड्या अडल्या होत्या. त्यानं समजावलं, सगळ्या वावरांना भेगा, टणक सपाट जागा ही एकच. ब्रह्मदेशच्या लढाईत अशा यंत्रांनी जखमी शिपाई उचलले. आता हे हलकं, नव्या इंजिनाचं यंत्र कपाशीवर औषध मारून दाखवणार होतं. दुपारच्या उन्हात मात्र त्याचा दम कमी पडे, एकट्या वैमानिकालाच उचले. खुशालरावांना हे पटलं. त्यांच्या बैलांचंही तसंच होतं.

"हवेत एका जागी उभं राहते काय?"

"राहतं ना, काका."

वारा मेला एका जागी उभा राहत नाही म्हणून सुभद्रा दर हंगामात त्याला शिव्या घालायची.

"मंग आंधी माही रास उफनून द्या. मंग उतरा."

पहिल्या खेपेला यंत्र फार जवळ आलं. खुशालरावांचा पटका बाभळीवर गेला, सूप विहिरीत पडलं, आणि पायलीभर ज्वारी शेजारच्या सूर्यभानच्या वावरात. सूर्यभाननं ती आपली झाल्याचं तिथंच जाहीर केलं. खुशालरावांनी दोन्ही हात पसरले आणि बैलांना मागं रेटावं तसं यंत्राला रेटू लागले. ते मागं सरत सरत बांधापलीकडे जाऊन थांबलं. खळ्यावर एकसारखा वारा वाहू लागला.

दुसरं सूप आलं. धान्य पायाशी पडू लागलं, भूस उडून बघ्यांच्या मिशांत बसू लागलं, आणि सारं गाव हसत सुटलं. सूप रिकामं झालं तसा खुशालरावांचा हात सवयीनं, न बघता, खाली गेला. तो तसाच राहिला.

मग बघ्यांतून पुढं आलेल्या दुर्गावहिनींनी त्यात पाटी दिली. "घ्या भाऊजी. मी अर्धीच भरतो. तिच्यासारखी काठोकाठ नाई जमत मले."

संध्याकाळी ऊन उतरलं, आणि ठरल्याप्रमाणे यंत्रही खळ्याच्या कडेला उतरलं. कमलाकांत खुशालरावांना वर न्यायला तयार झाला. त्याची जागा मधे, दोन्ही अंगांना एकेक. खुशालराव उजवीकडे बसले.

"डावीकडे वजन लागेल, काका, नाहीतर कलेल. एखादा दगड ठेवा."

खुशालराव खाली उतरले. राशीतून पाटी काठोकाठ भरली, वर हात फिरवून सारखी केली, आणि डाव्या जागेवर नीट ठेवली. पट्टाही बांधला.

यंत्र सरळ वर उठलं.